न मारता येणारी उडी

काही खेळ कठीण असतात आणि काही खेळ चुकीचे बनवलेले असतात. मूल दोन्हींत हरतं, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. शिक्षकाला मात्र हा फरक कळायला हवा, कारण लाल पेन त्याच्या हातात असतं. मला स्वतःला तो बी.एड.च्या पुस्तकांपेक्षा एका जुन्या, बदनाम झालेल्या कॉम्प्युटर गेमने जास्त नीट समजावला. मागच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दहावीनंतर मुलं का गळतात यावर बोलणं निघालं. मी त्या गेमचं उदाहरण दिलं तर सगळे माझ्याकडे बघतच राहिले. चौसाळ्याची उर्दू शिकवणारी बाई आणि कॉम्प्युटर गेम! म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच काढावं.

आधी गेमबद्दल. १९८४ साली अमेरिकेत केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोन तरुण चित्रकारांनी स्वतःच एक काळंपांढरं कॉमिक छापून काढलं. गोष्ट अगदी अचाट. शहराच्या गटारीत राहणारी चार कासवं, माणसासारखी चालणारी-बोलणारी, आणि हाणामारीत तरबेज. त्यांचा उस्ताद कोण, तर एक म्हातारा उंदीर, नाव स्प्लिंटर. कासवांची नावं इटलीच्या जुन्या चित्रकार-शिल्पकारांची: लिओनार्डो, मायकेलअँजेलो, डोनाटेलो आणि राफेल. १९८७ च्या डिसेंबरात यावर कार्टून मालिका सुरू झाली आणि ती १९९६ पर्यंत चालली. तिचं नाव 'टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स'. खेळणी, डबे, दप्तरं, सगळ्यांवर कासवं आली. मग गेम येणारच होता. १९८९ साली कोनामी या जपानी कंपनीने टीव्हीला जोडायच्या निन्टेन्डोच्या यंत्रासाठी तो बनवला आणि तो लाखोंनी खपला.

तो मूळ गेम सोपा अजिबात नव्हता. दुसऱ्या टप्प्यात कासवांना एका धरणाच्या पाण्यात उतरून ८ बॉम्ब निकामी करायचे असतात. वेळ २ मिनिटं २० सेकंद. पाण्यात विजेचा झटका देणारं शेवाळ, आणि त्यातून पोहत जायचं. जगभरातली त्या पिढीची मुलं त्या धरणाचं नाव काढलं की आजही कपाळाला हात लावतात. पण ते पार करता येत होतं. दहा वेळा मेलं की अकराव्यांदा जमायचं.

हाच गेम नंतर घरगुती कॉम्प्युटरसाठी, म्हणजे त्या काळच्या डॉसवर चालणाऱ्या मशिनसाठी, बदलून घेतला गेला. एका यंत्रासाठी बनलेली गोष्ट दुसऱ्या यंत्रावर आणायची म्हणजे एक प्रकारचं भाषांतरच. चित्रं नव्याने बसवायची, आवाज नव्याने, कासवाची चाल आणि उडी नव्याने. या भाषांतरात तिसऱ्या टप्प्यावर, गटारीत, एक खाच राहून गेली. कासवाची उडी जिथवर पोचते त्याच्या पुढे पलीकडची कड. तिथून पुढे गेल्याशिवाय गेम पुढे जात नाही, आणि सरळ मार्गाने खेळणाऱ्याला तिथून पुढे जाता येत नाही. बोटं कितीही चपळ असोत. छुपी युक्ती माहीत असेल किंवा प्रोग्राममधल्या एखाद्या दोषाचा फायदा घेता आला, तरच पलीकडे. आज जुन्या गेमचा शौक असलेल्या लोकांत ही खाच सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिच्यावर भरपूर हसलंही जातं.

एक गोष्ट मला फार लागली. त्या तिसऱ्या टप्प्यात कासवांना कशासाठी जायचं असतं? त्यांच्या उस्तादाला सोडवायला. म्हणजे ती खाच नेमकी शागिर्द आणि उस्ताद यांच्या मधेच पडलेली.

आमच्यापर्यंत हा गेम पोचला तो १९९६ च्या उन्हाळ्यात. आमचे मामू तेव्हाच्या औरंगाबादेत एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. तिथे जुने म्हणून स्वस्तात मिळालेले दोन कॉम्प्युटर आले होते. दुपारी क्लास बंद असायचा तेव्हा मामू आम्हा पोरांना आत सोडायचे. अट एकच: चपला बाहेर, हात धुतलेले, आणि पंखा फक्त कॉम्प्युटरकडे. फ्लॉपीवर कुणीतरी दिलेले तीन-चार गेम होते, त्यात ही कासवं. कार्टून आम्ही पाहिलेलं नव्हतं. चार कासवं कोण, कशासाठी मारामारी करतात, काही माहीत नाही. पण माझा मोठा भाऊ त्यांच्या प्रेमात पडला.

महिनाभर तो त्या खाचेशी लढला. धरण त्याने पार केलं होतं, तेव्हा मामूच्या मुलांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. खाच काही होईना. उडी मारायची, खाली पडायचं, फिरून वर यायचं, पुन्हा उडी. त्याने चारही कासवं वापरून बघितली. पळत येऊन, थांबून, बटण हलकं दाबून, जोरात दाबून. मामूचा मुलगा म्हणायचा, "गाववाला है, उंगलियाँ मोटी हैं." बाकीचे हसायचे. शेवटी शेवटी भाऊ स्वतःच हसून तेच म्हणायला लागला. सुट्टी संपली, आम्ही एसटीने चौसाळ्याला परत आलो. पुढच्या उन्हाळ्यात तो कॉम्प्युटरजवळ गेलाच नाही. "आपल्याला नाही जमत ते," एवढंच म्हणाला. अकरावीला त्याने कॉम्प्युटरचा क्लास लावावा अशी अब्बांची फार इच्छा होती. तेव्हाही त्याचं उत्तर हेच.

आज तो मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. ज्वारीच्या दाण्याहून बारीक तुकडे चिमट्याने उचलून सोल्डर करतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर आली आणि मुलांसाठी व्हिडिओ शोधता शोधता माझ्यासमोर त्या जुन्या गेमचा एक व्हिडिओ आला. मी तो भावाला दाखवला. त्याने सोल्डर गन बाजूला ठेवली, व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाला, "चोबीस साल से मैं समझ रहा था मेरी उंगली मोटी है."

आम्ही दोघं खूप हसलो. पण घरी येताना मला दुसरंच काही आठवत होतं.

कार्टूनवरून बनलेले गेम वाईट निघणं ही तशी जुनीच रड आहे. १९९९ साली 'सुपरमॅन'च्या कार्टून मालिकेवरून निन्टेन्डो ६४ साठी एक गेम आला. आजवरच्या सर्वांत वाईट गेमच्या याद्यांत त्याचं नाव हमखास असतं. त्यात सुपरमॅनने शहर वाचवायच्या ऐवजी हवेत टांगलेल्या कड्यांमधून वेळेत उडत जायचं, पुन्हा पुन्हा. सगळीकडे धुकं. तो बनवणाऱ्या टायटस या फ्रेंच कंपनीचे लोक पुढे म्हणाले की परवाना देणाऱ्यांच्या अटींनी हात बांधले होते. तरीही खोक्यावर सुपरमॅनचं चित्र होतं, म्हणून तो विकला गेला. लोकप्रिय नाव असलं की गिऱ्हाईक आधीच तयार असतं. आतला माल कुणी शेवटपर्यंत तपासला नाही तरी चालून जातं. चुकतं ते मूल, कारण ते खोक्यावर विश्वास ठेवतं. गेम अडला की त्याला वाटतं, आपणच कमी पडलो. मोठ्यांनी विकत घेऊन दिलेली वस्तू चुकीची असू शकते, हा विचार दहा-बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यात येतच नाही.

आता शाळेकडे येते. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्याकडे दोन खाचा आहेत. पहिली गावोगावी. मराठवाड्यातल्या कितीतरी लहान गावांत उर्दू शाळा चौथीला किंवा सातवीला संपते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं करतो. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं नियम सांगतात. पण जवळची शाळा आपल्याच भाषेची असेल असं नाही. मुलगा असला तर सायकलवर जातो. मुलगी असली तर घरात चर्चा सुरू होते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी ती प्रत्येक पालकसभेत सांगते. पण पास असून भागत नाही. बस वेळेवर लागते, आणि संध्याकाळी ती परत यावी लागते.

दुसरी खाच दहावीनंतरची. अकरावीला विज्ञान घेतलं की पुस्तकं इंग्रजीत. उर्दूतून आलेल्याला इंग्रजीत, आणि मराठीतून आलेल्यालाही इंग्रजीत. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण ही तक्रार फक्त आमची, उर्दूवाल्यांची, असं समजलं जातं. मांजरसुंब्याच्या पलीकडच्या वाडी-वस्तीवरचा, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिला आलेला मुलगा त्याच काठावर उभा असतो. त्याचे आई-बाप दसरा झाला की कारखान्याला ऊस तोडायला गेलेले असतील, तर तो तिथवर पोचला हेच नवल.

माझ्या एका विद्यार्थिनीला दहावीला ८९ टक्के पडले. विज्ञानात तर त्याहून जास्त. सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. तिने बीडला विज्ञान शाखा घेतली, नातेवाइकांकडे राहिली. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती परत गेलीच नाही. लोक म्हणाले, "टक्के गावातले होते." एका शहाण्या माणसाने मला वाटेत थांबवून सांगितलं, "बाई, पोरीची तेवढी कुवतच नव्हती."

मी तिच्या घरी गेले. ती खाली मान घालून बसली होती. म्हणाली, "आपा, सब समझता था. पर सर बोलते, वो शब्द मैं मन में उर्दू में पलटाती, तब तक सर आगे निकल जाते." मी तिला विचारलं, फोटोसिंथेसिस म्हणजे काय? तिने मान हलवली. मग विचारलं, जियाई तालीफ म्हणजे काय? तिने पान, ऊन, पाणी, हवा, साखर, सगळं एका दमात सांगितलं. तीच गोष्ट. मराठीत प्रकाशसंश्लेषण. पोरीला पूर्ण येत होतं, फक्त ज्या नावाने विचारलं जात होतं ते नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. मग ती म्हणाली, "मेरा दिमागच छोटा है, आपा." भावाची जाड बोटं आणि हिचं छोटं डोकं, दोन्ही एकाच दुकानातून आलेली वाक्यं.

यावर मला हमखास एक उत्तर मिळतं. "काही मुलं जातातच की पलीकडे! अमक्याचा मुलगा उर्दूतूनच डॉक्टर झाला." झाला, आणि त्याच्यासाठी मी अल्लाहचे आभारच मानते. पण अशा प्रत्येक मुलाच्या घरी जरा चौकशी करा. कुणाचे चाचा शहरात इंग्रजी शाळेत शिक्षक असतात. कुणी दहावीच्या सुट्टीत दोन महिने खासगी क्लास लावलेला असतो. कुणाच्या घरात मोठी बहीण आधी तिथे पडून-झडून आलेली असते आणि ती धाकट्याला वाट सांगते. ही त्या गेममधली छुपी युक्ती आहे. ज्याला ती मिळाली तो पलीकडे गेला. त्याने मेहनत केली हे खरंच आहे, पण मेहनत तर पडलेल्यानेही केली होती. पलीकडे गेलेल्याला आणि त्याच्या घरच्यांना मात्र वाटायला लागतं की आपली उडीच लांब होती. हळूहळू तेही मागे राहिलेल्यांना जाड बोटांचे म्हणू लागतात. आपल्या समाजात हे फार होतं, आणि ते बोलायला आपल्याला आवडत नाही.

दुसरं उत्तर असं की मुलांना कष्टाची सवय हवी, सगळं सोपं करून दिलं तर ती पांगळी होतील. यात तथ्य आहे. मुलांना कठीण खेळ आवडतो. माझ्या भावाने ते धरण आनंदाने पार केलं होतं, पन्नास वेळा मेला तरी चिडला नाही. कारण दर वेळी तो एक बॉम्ब पुढे जात होता. आपण पुढे सरकतोय हे दिसलं की मूल कितीही पडून उठतं. खाचेपाशी त्याचं काय झालं? पन्नासाव्या उडीला तो तिथेच होता जिथे पहिल्या उडीला होता. मुश्किल आणि नामुमकिन यांत फरक एवढाच आहे, आणि तो बाहेर उभ्या राहून दिसत नाही. त्यासाठी खेळणाऱ्याच्या शेजारी बसावं लागतं.

आता इतिहासाकडे जरा वळते, कारण त्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहील. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतराचं घर, स्थापन झालं आणि त्याच्या पाठोपाठ उस्मानिया विद्यापीठ. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा, सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. दारुत्तर्जुमाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. ते औरंगाबादेत शिक्षण खात्यात होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम तिथूनच चालवत. एकेक शास्त्रीय शब्द घडवायला भाषेचे जाणकार आणि विषयाचे जाणकार एकत्र बसत. आमच्या आजच्या विज्ञानाच्या पुस्तकात जे शब्द आहेत, त्यातल्या कितींचं मूळ त्या बैठकांत आहे. उर्दूच्या शिक्षिकेला याचा अभिमान वाटणारच, आणि मला वाटतो.

पण त्याच संस्थानात मराठी घरातल्या पोराला पुढे शिकायचं तर उर्दूत उडी मारावी लागत होती. मराठी मुलांना मराठीतून शिकायला मिळावं म्हणून त्या काळच्या कार्यकर्त्यांनी झगडा केला, आमच्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालवली, ते काही उगीच नाही. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे शेतकरी राहायचे. सगळे त्यांना आप्पा म्हणत. धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. पंढरीची वारी कधी चुकवली नाही. आणि उर्दू वाचायला आमच्यापेक्षा पक्के! लोक जमिनीचे जुने कागद घेऊन त्यांच्याकडे यायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "आप्पा, तुम्ही तर आमच्या शाळेत शिकवायला हवं." ते म्हणाले, "पोरी, मला उर्दू यायला लागली तोवर गणित हातचं गेलं होतं."

ते वाक्य मी विसरलेले नाही. ज्या वस्तूचा मला अभिमान आहे, तीच आप्पांसाठी खाच होती. म्हणून मी कधी असं म्हणत नाही की अमकी भाषा चांगली आणि तमकी वाईट. उर्दूने कुणाचं वाईट केलं नाही, मराठीनेही नाही, इंग्रजीनेही नाही. एका भाषेतून दुसरीत नेताना मधलं अंतर कुणी चालून पाहिलं का, प्रश्न एवढाच आहे. त्या गेममध्येही चित्रं होती, कासवं होती, सगळं होतं. एका माणसाने तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मुलासारखा, खेळून पाहिला असता तर तिसऱ्या टप्प्यावर त्याला खाच दिसली असती.

या पोरीच्या घरून परत आले त्या वर्षापासून मी एक साधं काम सुरू केलं. नववी-दहावीच्या मुलांसाठी एक वही. तीन रकाने: उर्दू, मराठी, इंग्रजी. विज्ञानाचे आणि गणिताचे शिक्षक शब्द देतात, मी आणि मुलं मिळून भरतो. पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. गणितात क्षेत्रफळाला उर्दूत रकबा म्हणतात. वहीत तो शब्द लिहिला तर शेतकऱ्याच्या घरचा एक मुलगा म्हणाला, "आपा, ये तो तलाठी के पास का शब्द है!" खरंच की. जमिनीच्या कागदावर आपण सगळेच रकबा म्हणतो, मराठी असो की मुसलमान. त्या दिवशी क्षेत्रफळ आणि एरिया दोन्ही शब्द त्या मुलाला एका झटक्यात बसले, कारण खाली त्याची स्वतःची दोन एकर जमीन होती.

मग आम्ही असे शब्द शोधायच्याच मागे लागलो. त्रिकोणाच्या पायाला उर्दूत कायदा म्हणतात. मराठीत कायदा म्हणजे कोर्टातला, आणि आमच्या लहान मुलांच्या हातात कुरआन शिकण्याआधी असतो तो पण कायदाच. तिन्हींत अर्थ एकच, ज्यावर बाकीचं उभं राहतं ते. गुणाकाराला उर्दूत जरब, आणि मराठीत मास्तरांची जरब! हे सांगितलं की वर्ग हसतो आणि मल्टिप्लिकेशन लक्षात राहतं. बेरजेला जमा, आणि जमा तर बँकेच्या पासबुकात असतंच. पुढे शब्द कठीण होतात. ॲक्सिलरेशनला मराठीत त्वरण, उर्दूत इसराअ. इनर्शियाला जडत्व आणि जमूद. यांना घरचा आधार नाही, ते पाठच करावे लागतात. पण तोवर मुलांची भीती मोडलेली असते. पुढे सरकतोय हे त्यांना दिसत असतं.

फोर्सला मराठीत बल आणि उर्दूत कुव्वत. हा शब्द आला त्या दिवशी मला तो वाटेत थांबवणारा माणूस आठवला. 'कुवतच नव्हती.' मी मुलांना सांगितलं, पुस्तकात लिहिलंय की कुव्वत मोजता येते, तिला दिशा असते, आणि ती लागू करायला समोर काहीतरी असावं लागतं. नुसती हवेत कुणाचीच कुवत दिसत नाही.

ही वही म्हणजे काही फार मोठा उपाय नव्हे. शब्द आले म्हणून इंग्रजीतलं अख्खं वाक्य लगेच कळत नाही, आणि ज्या गावात आठवीच नाही तिथे वही काय करणार? त्यासाठी वर्ग वाढवून घ्यावे लागतील, बससाठी डेपोत अर्ज द्यावे लागतील, अकरावीच्या सुरुवातीला महिनाभर दोन भाषांत शिकवायची तयारी असलेले शिक्षक लागतील. आमच्या शाळेतल्या मराठी आणि उर्दू दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून असा अर्ज एकदा दिला आहे, पुन्हा देऊ. माझं म्हणणं त्याहून लहान आहे आणि ते पालक, शिक्षक, शेजारी सगळ्यांना आहे. एखादं मूल कुठे अडलं तर त्याच्याबद्दल मत बनवायच्या आधी त्या जागी स्वतः जाऊन उभं राहा. अकरावीचं पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडा आणि पहिलं पान वाचून बघा. सकाळच्या बसने एकदा त्या मुलीबरोबर शाळेपर्यंत जा आणि संध्याकाळी परत या. उडी कठीण असेल तर मुलाला म्हणा, अजून एकदा मार, मी इथेच आहे. आणि ती मारताच येणार नाही अशी असेल तर मुलाला सोडा, खाच बुजवायला लागा.

त्या पोरीने पुढच्या वर्षी कला शाखा घेतली, उर्दूतून बारावी केली. आता ती लहान मुलांच्या शिकवण्या घेते. मागच्या रमजानमध्ये ती इफ्तारला घरी आली होती, तेव्हा आमची वही घेऊन गेली, झेरॉक्स काढायला. परत आणून दिली तेव्हा तिच्या अक्षरात मागे अकरा पानं जोडलेली होती. बीडला चार महिन्यांत जे शब्द तिच्या कानावरून गेले होते, ते सगळे तिने आठवून आठवून लिहिले होते, तिन्ही रकान्यांत. त्यातले तीन मला येत नव्हते. यंदाच्या दहावीला आम्ही तीच वही देतो आहोत.